सात नंबरचा टॅब

१

उत्तराला वाटलं होतं, काचेची खोली असेल. आत गारवा, भिंतीवर मोठा पडदा, खाली ओळीनं मांडलेले टॅब आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. नवा नकाशा आला की एक बटण दाबायचं, सगळे टॅब एका दमात ताजे. न्यूझीलंडमध्ये ती जिथे शिकली तिथे असंच होतं. शिवाय ‘गोदातीर फ्लाइंग अकॅडमी’नं सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोकरीचं जे पत्र पाठवलं होतं, त्यात ‘अत्याधुनिक’ हा शब्द दर परिच्छेदात होता.

प्रत्यक्षात निघालं एक लोखंडी कपाट. निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध काढलेली धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याचं हँगर, हँगरला चिकटून दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत हे कपाट. पूर्वी त्यात बागेवर फवारायची औषधं ठेवत. ऊन तापलं की अजून गंधकाचा वास सुटायचा. मागच्या पत्र्याला भोकं पाडून वायरी आत घेतल्या होत्या आणि फळ्यांवर टॅब उभे करून ठेवले होते, वाचनालयात कुणी न नेलेल्या पुस्तकांसारखे.

"वाय-फाय?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"आहे ना मॅडम. पेरूच्या झाडाखाली येतं," हर्षल म्हणाला. हर्षल इथला मेकॅनिक. सातपूरच्या वर्कशॉपमधून आलेला, हात कायम ग्रीसचे आणि तोंड कायम चालू. "इथे कपाटापाशी देव आला तर येईल, वाय-फाय नाही यायचं."

त्यामुळे अपडेटचा दिवस म्हणजे मिरवणूकच. सगळे टॅब द्राक्षाच्या क्रेटमध्ये भरायचे, पेरूखाली सतरंजीवर मांडायचे आणि कावळ्यांना हाकलत बसायचं.

दुसरी कुणी असती तर परतीचं तिकीट बघितलं असतं. उत्तरा मात्र हरखून गेली. घडवायला काहीतरी होतं! पूर्वी वैमानिक पायाशी कागदी नकाशांची जाडजूड बॅग घेऊन बसायचा. आता ते सगळं या एका पाटीत मावतं. आकाशातले रस्ते, धावपट्ट्या, नव्यानं उभे राहिलेले मोबाइलचे टॉवर, रेडिओवर कुठे कुणाशी बोलायचं ते. हे सारखं बदलतं, म्हणून दर चार आठवड्यांनी नवा नकाशा येतो. त्यात मध्येच ॲप बदलतं, ॲप बदललं की टॅबची प्रणाली जुनी ठरते, प्रणाली बदलली की ॲप रुसून बसतं. या सगळ्यावर हर्षलनं एकच तोडगा काढला होता, ‘नंतर आठवण करा’ हे बटण.

"नंतर म्हणजे कधी?" उत्तरा विचारायची.

"ते त्यांनाच ठाऊक मॅडम. आठवण तर ते करणारेत."

तिनं त्याला हसत हसत वठणीवर आणलं. कुठला टॅब कुठवर आला त्याच्या रंगीत पट्ट्या लावल्या, विद्यार्थ्यांना रोज सकाळी आपापला टॅब स्वतः तपासायची सवय लावली. रात्री पंचवटीतल्या घरी जेवताना ती वडिलांना हेच सांगत बसे. वडील यात्रेकरूंचे विधी करणारे. पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरानं गेलेल्यांना वाटेला लावलं होतं. ते शांतपणे ऐकत आणि म्हणत, "चांगलं आहे. उडणाऱ्याला खालची वाट दाखवणं हे पुण्याचंच काम."

"पुण्य नाही बाबा, सुरक्षा," ती म्हणे. "जुना नकाशा म्हणजे खोटं बोलणारा माणूस. तो विमानात नकोच."

२

सात नंबरचा टॅब कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या बाजूला होता. तो क्रेटमध्ये कधी येत नसे.

"त्याला नाही हात लावायचा," हर्षल म्हणाला. "दिवाकर सर ओरडतात. मागे मी एकदा पुसायला घेतला तर म्हणाले, ठेव, राहू दे तसाच."

दिवाकर सर म्हणजे अकॅडमीचे मुख्य शिक्षक. साठीला टेकलेले, ताठ, कमी बोलणारे. त्या दिवसांत ते दिल्लीला गेले होते, परवान्यांच्या कामासाठी.

उत्तरानं सात नंबर बाहेर काढला. कव्हरवर धूळ होती, काच मात्र स्वच्छ. टॅब चालू होता, चार्जर लावलेला. नकाशा उघडाच होता आणि इतका जुना, की त्यावर ही धावपट्टी नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी ती झाली. या नकाशात तिच्या जागी नुसती हिरवी शेतं होती.

आणि त्या नकाशावर छोटं निळं विमान फिरत होतं.

टॅब जिथे असेल तिथे ते निळं विमान दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. टॅब तर तिच्या हातात होता, खोलीत. पण खूण होती मनमाडच्या पलीकडे. डावीकडे वळत होती, सावकाश, मोठ्या गोलात. खाली वेग दिसत होता. छोट्या विमानाचा असतो तेवढा.

"अरे वा!" ती मोठ्यानं म्हणाली. तिला खरोखरच मजा वाटली. लोखंडी कपाटात उपग्रहाचा सिग्नल भरकटतो, हे तिनं शिकताना वाचलं होतं. असं डोळ्यांसमोर पहिल्यांदाच बघत होती. किंवा कुणीतरी ॲपमधली सरावाची सोय चालू ठेवली असेल, ज्यात खोटं विमान उडवता येतं. तिनं तपासलं. ती सोय बंद होती. टॅब तिनं अंगणात नेला, उघड्या आकाशाखाली धरला. आता तरी खूण इथे उडी मारून यायला हवी होती.

ती आली नाही. लासलगावच्या बाजूला सरकली आणि पुन्हा वळली.

बिघडलेला अँटेना, उत्तरानं ठरवलं, आणि टॅब परत फळीवर ठेवला. ठेवताना तो नेहमी असायचा तसाच, काच आतल्या बाजूला करून ठेवला गेला. मग तिच्या लक्षात आलं, की आपणही ते न ठरवताच केलं.

३

हा खटाटोप कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर उत्तरानं तेजस्विनीकडे बोट दाखवलं असतं. अकॅडमीच्या कुंपणाला लागून खंडेरावांची बाग. तेजस्विनी त्यांची धाकटी; ती त्यांना नाना म्हणे. नववीत ट्रॅक्टर चालवायला शिकली, बारावीत असताना कुंपणावरून विमानं बघत बसायची, आणि आता विमान चालवत होती. तिचा हात हलका होता. जमिनीला चाकं टेकल्याचं कधी कधी कळतसुद्धा नसे.

उद्या तिचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. या धंद्यातली सगळ्यात मोठी सकाळ. शिक्षक खाली उतरतो, उजवीकडची खुर्ची रिकामी राहते, आणि विद्यार्थी विमान घेऊन एक फेरी मारून येतो. ती फेरी झाली की माणूस वैमानिक. अकॅडमीच्या दोन विमानांपैकी एकाचं इंजिन हर्षलच्या बाकावर सुटं पडलं होतं, म्हणजे विमान एकच. सुरक्षेची सही उत्तराची. त्या सहीशिवाय चाक हलत नसे.

"मॅडम, मी नानांना सांगितलंय, माझ्या उड्डाणाच्या वेळेला बागेत कुणी वर बघायचं नाय," तेजस्विनी म्हणाली. "मागच्या वेळेला मजूर वर बघत बसले आन् निम्मा माल चुकीच्या क्रेटात गेला."

"आणि तू खाली बघायचं नाहीस."

"मी कशाला बघते! लय भारी वाटतंय मॅडम. झोपच नाय येणार आज."

उत्तराला तरी कुठे येणार होती? दुपारी ती उद्याची एकेक गोष्ट मनातल्या मनात तपासत होती, आणि तिथेच तिला सात नंबर टोचला. सकाळच्या गडबडीत कुणी चुकून तोच टॅब विमानात नेला तर? ज्या नकाशात उतरायची धावपट्टीच नाही, तो नकाशा पहिल्यांदा एकटी उडणाऱ्या मुलीच्या मांडीवर? सरांचा हट्ट असेल. पण हट्टापेक्षा ही मुलगी मोठी होती.

तिनं सात नंबर पेरूखाली नेला. तीन वर्षांचं साचलेलं एकदम उतरू लागलं: प्रणाली, ॲप, मग नकाशे. टॅब तापला. ती काळी काच समोर धरून बसली होती, आणि खरं सांगायचं तर तिचं काळीज धडधडत होतं, परीक्षेचा निकाल उघडताना धडधडतं तसं. पट्टी भरत गेली. टिंग!

नवा नकाशा उजळला. द्राक्षबागांच्या मधोमध बारीक, स्वच्छ रेघ उमटली. धावपट्टी.

निळं विमान चांदवडच्या बाजूला होतं, नेहमीसारखं डावीकडे झुकलेलं. ते थांबल्यासारखं झालं. मग वळण सोडून सरळ झालं. आणि मग त्यानं नाक इकडे केलं.

४

‘नवीन आज्ञावली आली की जुनी चूक सुधारते’, हे वाक्य उत्तरानं मनात दोनदा म्हटलं. सिग्नल आता ताळ्यावर येतोय, खूण आपल्या जागी परत येतेय. म्हणूनच ती इकडे निघालीय. अगदी पटण्यासारखं. फक्त एवढंच, की खूण उडी मारून आली नाही. ती उडत आली. ओझरच्या मोठ्या विमानतळाची हद्द तिनं शिस्तीत टाळली, नियमानं टाळायची तशी.

बाहेरच्या खोलीत टेबलावर हातात धरून बोलायचा रेडिओ होता. इथे टॉवर नाही. येणारं विमान रेडिओवर आपलं नाव आणि जागा सांगतं, खालचा माणूस ‘ऐकलं’ म्हणतो. रेडिओ खुटकला. कुणीतरी बोलायचं बटण दाबलं होतं. बोललं मात्र कुणी नाही. बंद खोलीत कुणी उभं असलं की जशी शांतता भरलेली वाटते, तशी ती शांतता होती. मग बटण सुटलं.

"कोण बोलतंय?" उत्तरा रेडिओवर म्हणाली. "गोदातीर ऐकतंय. नाव सांगा."

पुन्हा बटण दाबलं गेलं. पुन्हा तीच शांतता, या वेळी जरा जास्त वेळ. ऐकता ऐकता तिच्या मानेवर शहारा आला, आणि गंमत अशी की त्या शहाऱ्यात भीतीपेक्षा उत्सुकताच अधिक होती. काहीतरी आहे, तिच्या मनात आलं. खरोखर काहीतरी आहे, आणि ते मी बघतेय!

ती बाहेर पळाली. हवेत इंजिनाची घरघर होती. लांबून येणारी, एका सुरातली. कुंपणापलीकडे खंडेराव द्राक्षांवर घातलेले कागद तपासत उभे होते.

"काका, तुमचा ब्लोअर चालू आहे का? फवारणीचा?"

"आता?" खंडेराव हसले. "माल तोडणीला आलाय मॅडम. आता फवारलं तर माल घेईल कोण? कुणाचाच ब्लोअर नाय चालू."

"मग हा आवाज?"

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. आवाज त्यांनाही येत होता, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी वर बघितलं. आकाश निफाडच्या हिवाळ्यात असतं तसं होतं, धुतलेल्या काचेसारखं. एक बगळा, बस्स.

"इमान आसंल तुमचंच," ते म्हणाले. मग हँगरसमोर उभं असलेलं विमान त्यांना दिसलं. खाली वाकून त्यांनी उगाचच एका घडाचा कागद सारखा केला.

५

उन्हं कलली होती. तेजस्विनी विमानात बसून सराव करत होती. इंजिन बंद, दार लावलेलं, खिडकीची झडप उघडी. उडण्याआधी एकेक वस्तू मोठ्यानं म्हणायची आणि हात लावून तपासायची, हा शिरस्ता. एकानं वस्तूचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं पाहून ‘चेक’ म्हणायचं. एकटं असलं तर दोन्ही आपणच म्हणायचं.

"इंधन," आतून आवाज आला. "चेक." "दिव्यांची बटणं." "चेक." "दारं." "चेक."

उत्तरा धावपट्टीच्या कडेला उभी होती. हातात सात नंबर. निळं विमान आता धावपट्टीच्या मनमाडकडच्या टोकाला, अगदी सरळ रेषेत आलं होतं. उंची कमी होत होती. वरच्या आवाजाचा सूर बदलला. उतरताना वैमानिक इंजिन मंद करतो तसा तो मंद झाला, आणि वाऱ्याची नुसती सूंऽऽ उरली.

तिनं वर पाहिलं. काही नव्हतं.

मग तिनं खाली पाहिलं.

मावळतीच्या तिरक्या उन्हात विमानाची सावली धावपट्टीवरून येत होती. पंख, शेपूट, चाकांचे पाय, सगळं रेखीव. ती द्राक्षांच्या ओळींवरून उतरली, कुंपण ओलांडलं, डांबरावर आली. कुठल्याही उतरत्या विमानाची सावली शेवटी विमानालाच जाऊन मिळते. ही कशाला मिळाली नाही. ती तशीच धावत आली, सावकाश झाली आणि उत्तराच्या बुटांच्या टोकाशी येऊन वळली. त्या क्षणी तिच्या पायांना गार लागलं, झाडाखाली गेल्यावर लागतं तेवढंच.

सावली हँगरकडे गेली. शहाण्या विद्यार्थ्यासारखी पिवळ्या रेषेवरून. उभ्या विमानाच्या सावलीपाशी पोचली, तिच्यात शिरली आणि उरली एकच.

उत्तरा बघत राहिली. उभ्या विमानाची लांबट सावली जमिनीवर पडली होती. खिडक्यांमधून ऊन आरपार आलं होतं आणि त्या उजेडाच्या चौकटीत तेजस्विनीच्या डोक्याची सावली दिसत होती. केसांचा बुचडा, कानावरचा हेडफोन. तिच्या शेजारी दुसरं डोकं होतं. ते जरा उंच होतं. ते तिच्याकडे वळलेलं होतं, आणि शिक्षक विद्यार्थ्याच्या हातांकडे बघताना वाकतो तसं वाकलेलं.

"आसनाचा पट्टा," विमानातून आवाज आला.

"चेक."

सूर्य बागांच्या आड गेला. सगळ्या सावल्या एकदम पुसल्या गेल्या. उत्तरानं धावत जाऊन दार उघडलं. तेजस्विनी एकटीच होती, गालावर खळी.

"काय झालं मॅडम? एवढ्या पळत?"

"काही नाही," उत्तरा धापा टाकत म्हणाली. "उतर. आज पुरे."

सात नंबरवर निळं विमान हँगरसमोर उभं होतं. वेग शून्य.

६

दिवाकर सर संध्याकाळीच, दिल्लीहून ओझरला उतरून थेट आले. उत्तरानं काहीच न लपवता सांगितलं, अपडेटपासून सावलीपर्यंत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हँगरसमोरच्या विमानाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय आहे ते माहीत नाही. एवढंच माहीत, की फिरतंय." ते सावकाश बोलत होते. "धावपट्टी झाली, तेव्हा बाकीचे टॅब अद्ययावत केले. हा एक मागे राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी करायला घेतला, तर त्यावर ते दिसलं. खाली उतरायला जागा शोधतंय असं वाटलं. मी अडवलं नाही त्याला, उत्तरा. फक्त वाट सांगितली नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हसली असतीस."

ती खरंच हसली असती. आता तिला हसू येत नव्हतं, पण घाबरून गप्प बसावं असंही वाटत नव्हतं. ती उठून येरझाऱ्या घालू लागली. "सर, पण हे केवढं मोठं आहे! नोंद करता येईल, रेडिओवरचं ध्वनिमुद्रण करता येईल. कॅमेरे लावू, सावली टिपू. आपण जर..."

"उद्या सकाळी एक मुलगी त्या विमानात एकटी बसणार आहे," सर म्हणाले.

ती थांबली.

"मी मुख्य शिक्षक म्हणून उड्डाण रद्द करू शकतो. पण कारण काय लिहू? आणि किती दिवस रद्द करू? सुरक्षेची सही तुझी आहे. तू विमान पाहा, मग सांग. तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द विचारणार नाही."

घरी जाताना गाडीत तिनं स्वतःशी वाद घातला. उन्हाचा खेळ. दिवसभराची दगदग. सरांचा भास. रेडिओत कुठल्या तरी ट्रकवाल्याचा सिग्नल. एकेका गोष्टीला एकेक कारण होतं. पण त्या सगळ्या कारणांचं मिळून एक कारण होत नव्हतं. वडिलांनी विचारलं, आज काय झालं, तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "काही विशेष नाही."

७

सकाळी धुकं होतं आणि बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. तरी खंडेरावांचं अख्खं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलं होतं. हार, नारळ, पेढे. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर वैमानिकाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात, ती प्रथा हर्षलनं त्यांना सांगितली होती, आणि पोरीला सर्दी नको म्हणून तिच्या आईनं चूल पेटवून पाणी तापवायला ठेवलं होतं.

"फुगे लावणार होतो मी," हर्षल उत्तराला म्हणाला. "सर नको म्हणाले. तुम्ही पण काय असे चेहरे करून उभे! लग्न लागतंय मॅडम इथे, हसा."

तिला हसू आलं. सगळीकडे उत्साह नुसता सांडत होता आणि तो तिलाही लागला. उजाडल्यावर रात्रीच्या गोष्टी किती लहान होतात! विमानाला तिनं फेरी मारली. पंख, चाकं, तेल, सगळं उत्तम. उरलं एकच काम. एकट्या उड्डाणात शिक्षकाची खुर्ची रिकामी असते. तिचा पट्टा सुटा राहिला तर कुठे तरी अडकेल, म्हणून तो बांधून टाकायचा. ते सुरक्षेच्या माणसानं स्वतःच्या हातानं करायचं.

तिनं उजवं दार उघडलं. पट्टा बांधलेला होता.

हर्षलनं केलं असेल. पण रिकाम्या खुर्चीवरचा पट्टा सपाट बांधतात, खुर्चीला लपेटून. हा सैल होता. आत कुणी बसलं असतं तर जेवढा हवा तेवढा सैल. तिनं बकल उघडलं, पट्टा ओढून खुर्चीशी घट्ट केला, पुन्हा लावला. दार बंद केलं. पुढून फिरून डाव्या दाराशी आली आणि काचेतून पाहिलं.

पट्टा पुन्हा खुर्चीपासून सुटून पुढे आला होता. गोलाई धरून. तो किंचित वर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा वर.

उत्तरा जागची हलली नाही. तिच्या पाठीमागून, फुललेल्या आवाजात तेजस्विनी म्हणाली, "मॅडम, एक सांगू? कालच्यासारखंच बाहेरून ‘चेक’ म्हणा ना आज पण. तुम्ही म्हणत होता ना, तर लय धीर येत होता."

"दोन्ही तूच म्हणत होतीस ना?"

"नाय हो! मी फक्त नाव घेत होते. ‘चेक’ तुम्हीच तर म्हणत होता."

ट्रॉलीजवळ कुणीतरी हसलं. चुलीचा धूर धुक्यात मिसळत होता. उत्तरानं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अशाच चेहऱ्यासाठी ती समुद्र ओलांडून परत आली होती. वर गेल्यावर या मुलीच्या शेजारी कोण बसलेलं असेल, ते तिला कुठे घेऊन जाईल, आणि ज्याला इतकी वर्षं खाली यायची वाट सापडत नव्हती त्याच्याबरोबर गेलेल्याला ती सापडेल का, हे प्रश्न तिच्या मनात एकापाठोपाठ आले आणि एकदम शांत झाले. त्यातल्या एकाचंही उत्तर तिला नको होतं.

ती हँगरमध्ये गेली. धावपट्टीच्या कडा आखायची पांढरी फक्की कोपऱ्यात पोत्यांत होती. तिनं एक पोतं खांद्यावर घेतलं. दिवाकर सर दारात होते.

"फुली मारणार?" त्यांनी विचारलं. धावपट्टीवर पांढरी फुली म्हणजे धावपट्टी बंद. वरून बघणाऱ्याला जगात कुठेही तोच अर्थ कळतो. "मारलीस की तसं दिल्लीला कळवावं लागेल. मग ही धावपट्टी नकाशातून जाईल. पुन्हा उघडायला वर्षं लागतील, कदाचित उघडणारही नाही. तुझं सगळं..."

"माहीत आहे सर. कळवा. जे उतरलंय ते इथून कुणाला घेऊन वर जायला नको. पुढच्या अपडेटला इथे नुसती शेतं दिसू देत. आणि या विमानाला कुणी हात लावायचा नाही. हर्षलनं फक्त चाकांना साखळ्या घालायच्या, दार उघडायचं नाही."

धावपट्टीच्या मधोमध येऊन तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि चालू लागली. फक्कीची रुंद पांढरी रेघ तिच्यामागे पडत गेली. मागून पळत आलेल्या पावलांचा आवाज आला.

"मॅडम! हे काय करताय? माझं उड्डाण..." तेजस्विनीचा आवाज फुटला. "तुम्हीच म्हणाला होता, सगळं तयार हाय!"

"उडशील तू," उत्तरा न थांबता म्हणाली. तिचा श्वास चढला होता आणि डोळे चमकत होते. "मी स्वतः दुसऱ्या शाळेत सोडायला येईन तुला, तिथे राहीन, तुझी फेरी होईपर्यंत हलणार नाही. शब्द आहे माझा. पण इथून नाही. आज नाही आणि कधीच नाही."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे वळून, धुक्यात एकट्या उभ्या असलेल्या विमानाकडे पाहिलं.  रंग उतरत गेलेल्या चेहऱ्यानं ती परत वळली.

"दुसरं पोतं आण," उत्तरा हळूच म्हणाली. "दुसरी रेघ तू ओढ. आणि तोवर मोठ्यानं कशाचंही नाव घेऊ नकोस."